वाटपाआधीची आमटी

डिचोलीत माझ्या शेजारणीचं आणि माझं स्वयंपाकघर समोरासमोर आहे. कसलंही दुखणं सांगितलं की शेवटी ती म्हणणारच, "बाकी बरा." चढणीवर धाप लागता, बाकी बरा. रात्री झोप येना, बाकी बरा.

तिच्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा त्या घरातून नारळ हद्दपार झाला होता. सगळे मुकाट जेवत होते. त्याचं आता आटोक्यात आलंय, आणि यंदा तिचं वाढलं. पाळी गेल्यावर बायकांच्या रक्तात चरबी वाढायला लागते, आता हृदयाला जपा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. तरी खिडकीतून बघते तर ती आदोळीवर बसून रोज नारळ खोवतेच आहे.

"घरात सांगलंस मां गो?" मी विचारलं.

"सांगलंय मगे. पण माझ्यापायी सगळ्यांच्या तोंडची चव कित्याक घालवू?"

म्हणून नारळाचं वाटप घालण्याआधी ती आपल्यापुरती आमटी छोट्या टोपात काढते आणि सगळे उठल्यावर एकटीच जेवते.

काल कोथिंबीर मागायला गेले, तर तिने त्या टोपातली चमचाभर आमटी माझ्या तळहातावर ओतली. "चाखून बघ गो. हेची चव बघूक कोण नाय."

"अगो, मीठच नाय ह्यात!"

मीठ ती सवयीने वाटपाबरोबर, मोठ्या टोपात घालते.

"तरीच," ती म्हणाली. "माका वाटला, पाळी गेली तशी जिभेची चवय गेली. बाकी बरा."