चष्मेवाल्याची पाटी

पेंटर,

हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस, ठाऊक आहे मला. तुझी बायको वाचून दाखवेल. तिला बजावलंय, मध्येच थांबून माझी बाजू घ्यायची नाही, तुझीही नाही. सलग वाचायचं.

तुझा धंदाच असा, की शिडीवर चढलं की केलेलं काम दिसत नाही. दीड हात उंचीचं अक्षर नाकासमोर, म्हणजे नुसता रंगच. म्हणून तू मान न वळवता खाली ओरडायचास, "कसं दिसतंय?" जो जात असेल त्यानं सांगायचं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं, कारण माझी खिडकी बरोब्बर समोर. मी काय गोड बोलणारी बाई नव्हे. "शेवटच्या अक्षराचं पोट सुटलंय," म्हटलं तर तू वरून म्हणायचास, "माझंही सुटलंय बाई, त्याला कशाला बोलता?" आणि पोट आत घ्यायचास. अक्षराचं.

मग ती चष्मेवाल्याची पाटी आली. छज्ज्याखाली, लांबलचक, निळी. तू विचारलंस. मी म्हटलं, "उजवीकडे उतरलीये."

तू गवंड्यासारखी पाणसळ लावलीस. बुडबुडा मधोमध. "सरळ आहे बाई."

"मापाला असेल. डोळ्याला तिरकी आहे."

तू हसलास आणि मापावर विश्वास ठेवलास. तेव्हा ठेवायचास.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटो काढून दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. मग काय, रिकामटेकड्यांना निमित्तच मिळालं. "चष्मेवाल्यानं चष्मा न लावता पाटी पास केली." "पेंटरचा नंबर काढा आधी, फुकट काढा." हसणारे चेहरे तर किती! तू फोन घेऊन वर आलास आणि एकेक वाचून दाखवायला लागलास. मी म्हटलं, बंद कर ते. तू म्हणालास, "हा शिवणकामवाला बघा. याची पाटी मी केली, तेव्हा मिठी मारली होती यानं." त्यानं फक्त एक हसरा चेहरा टाकला होता. तोच तुला सर्वांत जास्त लागला.

पुढचं सगळं मी खिडकीतून पाहिलं. आधी एका माणसाला विचारायचास, आता पाचांना विचारायला लागलास. पाचांची पाच मतं. किराणावाल्याचं एक अक्षर तू एका दुपारी तीनदा पुसलंस. कुणी जाता जाता "झकास" म्हटलं की तासभर शीळ घालायचास. कुणी काहीच न बोलता गेला की ब्रश खाली. मला वाटायचं, शहाण्या, यांच्यातल्या निम्म्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. तसं मी एकदा बोललेही. तू म्हणालास, "म्हणजे बघण्यासारखं नसेल, बाई."

घरीही तेच. तुझी बायको सांगत होती, "काकू, जेवायला बसले की विचारतात, मी बोललो ते बरं वाटलं का? अहो, मीठ मागितलं होतं हो फक्त!" सांगताना ती हसली, आणि मग पदरानं डोळे पुसायला लागली.

दोन महिन्यांनी छज्जा दुरुस्त करायला गवंडी आला. त्यानं माप घेतलं तर छज्जाच चार बोटं कललेला! पाटी सरळ होती, तिच्या डोक्यावरचं सिमेंट वाकडं होतं. मी चप्पल न घालता तुझ्याकडे धावत आले. या वयात. वाटलं, आता सुटला पोरगा. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "पण दिसत तिरकीच होती ना? तुम्हीच म्हणालात."

हो. मीच म्हणाले होते.

ग्रुपवर तेही टाकायला लावलं मी चष्मेवाल्याला. एकानं अंगठा दाखवला. बाकीच्यांचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलेलं.

मग तुला मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली, चेहऱ्यावर रंग थोडा परतला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी दवाखान्याच्या वेळांची छोटीशी पाटी तुलाच करायला सांगितली. तू ती केलीस, कुणालाही न विचारता. बायकोनं मला जिन्यात गाठून सांगितलं, जणू मुलगा पास झालाय.

संध्याकाळी तू आलास. बसला नाहीस. "बाई, एकदा बघून या. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. तुम्ही खरं सांगता."

"उद्या जाते," मी म्हटलं.

गुडघा दुखत होता, हे खरं. पण खरं कारण ते नव्हे. मला वैताग आला होता. आज मी "छान" म्हणेन, परवा कुणी नाक मुरडेल, की पुन्हा पहिल्यापासून. वाटलं, नाहीच सांगितलं तर आपल्या डोळ्यांवर उभा राहील. असले शहाणपणाचे प्रयोग वर्गात चालतात. तू रोज जिन्यात थांबायचास, विचारायचा नाहीस, नुसता बघायचास. मी म्हणायचे, "जायचंय रे, जायचंय."

नवव्या दिवशी तू स्वतः जाऊन पाटीवर पांढरा रंग मारलास. डॉक्टर म्हणतात, उत्तम होती. त्यांनी तुलाही सांगितलं. तू म्हणालास, तुम्ही पेशंटला बरं वाटावं म्हणून बोलता.

तेव्हापासून तू भिंतीकडे तोंड करून पडला आहेस. मी दोनदा येऊन गेले. चांगलं बोलले तर तुला खरं वाटत नाही. आणि खरं बोलायची आता माझी मलाच भीती वाटते.

तू जिन्यात थांबायचास, त्या आठ दिवसांत मी तीनदा भाजीला बाहेर पडले. दवाखाना भाजीवालीच्या पुढच्या वळणावर. पिशवी भरली की मी तिथूनच माघारी फिरत होते.