बालवाडीतली हिची पाळी

शेलूच्या त्या बालवाडीतल्या काही घरांना अजून असं वाटतं, की माझ्या सुनेनं आपल्या सासूला तिथून दूर केलं. ते खरं नाही. काय झालं ते सांगणारा माझ्याखेरीज कोणी नाही, म्हणून मीच लिहितो.

ती बालवाडी पालकांनीच काढलेली. मुलगा-सून राहतात त्या नव्या वसाहतीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता, शिकलेल्या एक ताई नेमल्या होत्या आणि बाकीची कामं घराघरांत वाटून घेतली होती. मुलांचा खाऊ करायचा, त्यांच्यात बसायचं, भांडणं सोडवायची, शी-शू बघायची. प्रत्येक घरानं आठवड्यातली एक सकाळ द्यायची. त्याला ते पाळी म्हणत. पाळीच्या दिवशी एक नियम होता: आपलं मूल त्या सकाळी आपलं नाही. ते दुसऱ्या कोणाकडे जाणार आणि आपण दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळायचं.

नातीला तिथं घालायचं ठरलं तेव्हा मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. पालकांच्या बैठकीत विचारलं गेलं, "तुमच्या घरून पाळीला कोण येईल?" मुलानं आमच्याकडे पाहिलं. मी लगेच हात वर केला. खोपोलीच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी कामगारांच्या पाळ्या लावण्यात गेलेली. लहान पोरांची एक सकाळ म्हणजे काय, असं मला वाटलं. अडीअडचणीला दुसरं नाव द्यायचं म्हणून बायकोचं दिलं. ती माझ्यामागं बसली होती. तिला कोणी विचारलंच नाही आणि मीही विचारलं नाही.

सुरुवातीचे दिवस मूल रुळेपर्यंत घरच्या माणसानं आत बाकावर बसून राहायचं असतं. मी कर्जतहून सकाळच्या गाडीनं शेलूला जाई आणि त्या बाकावर बसे. नात माझ्या मांडीवरून उतरत नसे. इतर मुलं हळूहळू मातीत, ठोकळ्यांत गेली. ती माझ्या शर्टाचं बटण धरून बसायची. मी ताईंना म्हणालो, "माझ्याशिवाय राहतच नाही ती."

ताई हसल्या. "आजोबा, ती सोडत नाही की तुम्ही सोडत नाही?"

मला ते लागलं. पण खरं सांगायचं तर मांडीवरचं ते ओझं मला फार आवडत होतं. माझा मुलगा लहान असताना माझ्या पाळ्या चालू असायच्या. त्यानं माझं बटण कधी धरलं नाही.

मग माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला घरी बसावं लागलं. माझ्याऐवजी ही, माझी बायको, जायला लागली.

ही खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातली. बोलणं अजून तिकडचंच. कारखान्यातले साहेब घरी यायचे तेव्हा मी हिला आत बसायला सांगायचो. तर ही बालवाडीत गेली ती पिशवीत मोड आलेले वाल घेऊन. कोमट पाण्यात टाकून परात मध्ये ठेवली आणि म्हणाली, "या रं पोरांनो, मला मदत करा. आज बिरडं करायचं हाय." भिजलेला वाल चिमटीत दाबला की सालातून दाणा टुणकन उडतो. एकाचा दाणा ताईंच्या कपाळावर बसला. मग काय, सगळी पोरं परातीभोवती. आणि आमची नात, जिला मी इतके दिवस मांडीवर धरून बसलो होतो, ती कोणाच्या तरी पाठीवरून वाकून हात घालत होती.

हे मला सुनेनं संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती हसत होती. "बाबा, आईंनी तर कमाल केली!" मी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पडलो होतो. म्हणालो, "चांगलं झालं." आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपलो.

डोळा बरा झाला तेव्हा मी परत जायला निघालो, तर ताईंचा निरोप आला. "आजीच येऊ देत ना. मुलांना त्यांची सवय झालीये." ही माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. तिला जायचं होतं. मी म्हणालो, "जा की. मला कुठं हौस आहे."

पण हौस होती. ती निघाली की मी घरात येरझाऱ्या घालायचो. परत आली की गोष्टी सांगायची. कोणत्या पोरीनं कोणाला चावलं, कोण आपला खाऊ खिशात लपवून नेतो. मी वर्तमानपत्र पुढं धरायचो. पोरांनी तिचं नाव वालाची आजी ठेवलं होतं. तरुण आया तिला फोन करायच्या, आमच्या घरच्या फोनवर, आणि मी उचलला की म्हणायच्या, "आजी आहेत का?" एकीनं तर तिच्या बोलण्याचं कौतुक केलं. "किती गोड बोलतात हो!" तेच बोलणं मी आयुष्यभर झाकत आलो होतो.

एकदा मी न सांगता तिथं गेलो. खिडकीतून पाहिलं. एक रडकं पोर तिच्या खांद्यावर, दुसरं पदराला, आणि ही त्यांना म्हणत होती, "एकानं रडायचं, एकानं हसायचं. दोगं रडलात तर मी पन रडंन." पोरं हसत होती. माझ्या छातीत काहीतरी जळल्यासारखं झालं. परक्या माणसाचा हेवा वाटला असता तर मी तो कोणाला सांगितला असता. बायकोचा हेवा कोणाला सांगणार?

त्याच सुमारास स्टेशनच्या जिन्यावर हिचं डोकं गरगरलं. बरोबर फक्त सून होती. तिनं हिला धरून बसवलं, पाणी दिलं आणि संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, आईंना एकदा डॉक्टरांना दाखवू या." दाखवलं. काही नव्हतं. चतुर्थीचा उपास आणि वर ऊन, एवढंच. डॉक्टर म्हणाले, उपासाला दूध तरी घेत जा. मी स्वतः तिच्याशेजारी बसून हे ऐकलं होतं.

तरीही पुढच्या बैठकीला मी हिला न सांगता गेलो. मुलगा-सून त्या दिवशी उशिरा येणार होते. पाळ्या लावणाऱ्या बाईंना मी दाराशी गाठलं. कारखान्यात मी एक गोष्ट शिकलो होतो. एखाद्याला जागेवरून हलवायचं असेल तर त्याची चूक सांगायची नसते. त्याच्या तब्येतीची काळजी करायची. मग कोणी विरोध करत नाही.

"हिला चक्कर येते हो अधूनमधून," मी म्हणालो. "परवा जिन्यावर पडता पडता वाचली. कडेवर लहान मूल असताना काही झालं तर? माझं नाव सांगू नका मात्र. तिला वाईट वाटेल."

त्यांचा चेहरा उतरला. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी फोन आला. हिनं उचलला. मी समोर चहा पीत बसलो होतो. ही ऐकत होती, नुसतं "बरं, बरं" म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "म्हनतात, आपल्या घरनंच कळलं, मला जपायला पायजे. आता पाळीला तुमी जायचं."

"असं का," मी म्हणालो.

तिनं पदरानं फोन पुसला. मग म्हणाली, "जिन्यावर माझ्याबरोबर सूनच होती."

त्या वेळी बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी कपातला उरलेला चहा प्यायलो.

पुढची दोन वर्षं माझी पाळी चालली. मी वालही नेले एकदा. नात सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, तू नको सोलू. तू दाणा मोडतो." पोरं मला घड्याळवाले आजोबा म्हणत, कारण मी सारखं मनगटाकडे बघायचो. कितीतरी दिवस दारात येणारं प्रत्येक पोर आधी माझ्यामागं बघायचं. जागा माझी झाली, पण मला जे हवं होतं ते तिच्याबरोबर कर्जतला घरी बसलं होतं.

आणि घरात सासू-सुनांचं बोलणं सुकलं. भांडण नाही, आवाज नाही. "जेवलीस?" "हो आई." "बरं." हिनं शेलूला राहायला जाणं बंद केलं. सणाला गेलो तरी पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसायची. पाळ्या लावणाऱ्या बाईंनी माझं नाव कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे बालवाडीतल्या बायकांनीही घरून म्हणजे सुनेकडूनच, असं धरलं असावं. सुनेशी त्या जरा तुटक वागत. एकदा सून मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बाबा, माझं काही चुकलं का? आई माझ्याशी बोलतच नाहीत."

मी म्हणालो, "वय झालंय तिचं. मनावर घेऊ नकोस."

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे वाक्य. बैठकीत मी जे बोललो ते हेव्यानं बोललो. हे मात्र शांत डोक्यानं बोललो.

या वर्षी नात मोठ्या शाळेत जाणार म्हणून बालवाडीनं निरोपाचा कार्यक्रम केला. मला शाल आणि नारळ दिला. ही शेवटच्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती, माझ्यासाठी. कार्यक्रमानंतर सगळे मुलाच्या घरी गेलो. सून म्हणाली, "आई, जेवूनच जा ना आज."

"नको गं, आमची गाडी हाय."

गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. पुढेही गाड्या होत्या. सुनेनं मान हलवली आणि आग्रह केला नाही. तो तिनं केव्हाच सोडला होता. मला तिथं उमगलं, की बालवाडी संपली, आता या दोघी एका ठिकाणी यायचं कारणही संपलं. मी शाल काढून ठेवली आणि हिला म्हणालो, "चक्कर येते असं तिथं मी सांगितलं होतं. सुनेनं नाही. मला तुझी जागा हवी होती."

हिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. सुनेला विचारलं, "तुला ठावं होतं?"

"नाही आई."

"मंग दोन वर्सं गप का राह्यलीस? इचारायचंस की मला, म्हातारे, काय बिघडलंय तुझं?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?" सून म्हणाली.

मुलगा खाली मान घालून मोबाइल नुसता हातात फिरवत होता. मग ही उठली, पदर खोचला आणि आत जाता जाता म्हणाली, "पीठ कुठं ठेवतेस गं तू?"

सून तिच्या मागं गेली. मी बाहेर बसून राहिलो. आतून आधी डब्यांचे आवाज, मग रडण्याचा, मग कधीतरी हसण्याचा. नात मध्येच येऊन सांगून गेली, की भाकरी आजी करतेय आणि पहिली तिला मिळणार आहे. मला कोणी आत बोलावलं नाही. आणि लाज वाटायच्या त्या घटकेलाही मला त्या दोघींचा हेवाच वाटला.

ही तिथंच राहिली. मी एकटा कर्जतला आलो. पुढच्या आठवड्यात परतली तेव्हा पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "आमाला सांगितलंत. बालवाडीतल्या आयांना कोन सांगनार? त्यांच्या डोळ्यांत माझी सून वाईट झाली." त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलते. सुनेशी मात्र रोज संध्याकाळी तासभर फोन चालतो. मी जवळून गेलो की आवाज खाली येतो.

म्हणून त्या घरांसाठी हे लिहिलं. तिथं मूल असलेल्या घरालाच पाळी मिळते आणि आमच्या घरात आता तेवढं लहान मूल नाही. हिची पाळी मला परत देता येणार नाही. सुनेवरचा आळ तेवढा काढता येईल.