चौकीत मागितलेलं तांब्याभर पाणी

नोकरीत अनेक फिर्यादी लिहून घेतल्या, पण हडपसरच्या त्या ख्रिस्ती नर्सबाई काही केल्या विसरत नाहीत.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात तिथल्या छोट्या चर्चची पितळी घंटा चोरीला गेली. चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या या निवृत्त नर्सबाईंनी सरळ रखवालदारावर संशय घेतला. तो येरवड्यात शिक्षा भोगून आलेला. फादरांनी त्याला कामावर ठेवलं, तेव्हाच बाईंनी विरोध केला होता.

आम्ही त्याला चौकीत आणून बसवलं. असा आयता माणूस मिळाला की पोलिसांना तपास संपल्यासारखा वाटतो. हवालदारांनी दरडावून पाहिलं.

"साहेब, त्या चर्चनं मला भाकरी दिली. मी नाही केलं," एवढंच तो म्हणे.

तेवढ्यात खबऱ्याने बातमी आणली. भंगारच्या दुकानामागे गोणीत घंटा सापडली. पंचनामा करून बाईंना घंटा ओळखायला चौकीत बोलावलं. आवाज होऊ नये म्हणून लोलकाला पट्टी गुंडाळली होती, दवाखान्यात बांधतात तशी, टोक नीट दुमडून. बाईंनी त्या पट्टीवरून हात फिरवला.

"ही पट्टी माझ्या मुलाच्या हातची आहे, साहेब. मीच शिकवलीय त्याला अशी बांधायला."

त्या गप्प राहिल्या असत्या, तर आम्हाला कळलंही नसतं. मुलाला आणलं, त्याने गुन्हा कबूल केला. आता बाई गयावया करणार, असं मला वाटलं.

"फिर्याद मी मागे घेणार नाही. फक्त त्याला मारू नका. आणि तांब्याभर पाणी मिळेल?"

पाणी घेऊन त्या रखवालदारापुढे खाली बसल्या आणि त्याचे पाय धुऊ लागल्या. तो गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये फादर भाविकांचे पाय धुतात, हे मला नंतर कळलं.

"अहो बाई, नका!" तो पाय मागे घेऊ लागला.

"बसा हो. खोटा आळ घेतलाय मी तुमच्यावर," म्हणत त्यांनी पदराने पाय पुसले. आमचे बोलघेवडे हवालदार गुपचूप व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

मुलाला शिक्षा झाली. न्याय करायचा तर काळीज घट्ट करावं लागतं, असं मी समजत होतो. बाईंनी मुलाला पाठीशी घातलं नाही आणि टाकलंही नाही. ते मला खाकीत कधी इतकं नीट जमलं नाही.

पुढे एकदा येरवड्याच्या फाटकाशी त्या दिसल्या. भेटीच्या रांगेत रखवालदार त्यांची पिशवी धरून उभा होता. तिथली रीत त्याला ठाऊक होती. पहारेकऱ्याने विचारलं, "हे कोण तुमचे?"

"भाऊ," बाई म्हणाल्या.