अनिवासी बाई

कुणी भाव जास्त सांगितला की बाई हातातली छत्री जमिनीवर टेकवायच्या आणि विचारायच्या, "आरं, मी ऱ्हाते कुठं?"

वेरूळला जायचे पाहुण्यांचे दर सांगणारे रिक्षावाले या एका प्रश्नाने गार व्हायचे. "माफ करो अम्मा, पहचाना नहीं," म्हणत निम्म्या भाड्यावर यायचे. बाई मागच्या सीटवर बसून त्यांच्या बायकापोरांची चौकशी सुरू करायच्या.

बाई जन्माने इंग्रज. तरुणपणी लेणी पाहायला आल्या आणि वाळूजच्या एका इंजिनियरशी लग्न करून इथंच राहिल्या. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शहराच्या कडेला, पडेगावात, दोन खोल्यांचं घर होतं. शेजारी गयाबाईचं धनगराचं कुटुंब. मुलं शेंद्र्याच्या कारखान्यात रोजावर आणि ती घरी शेळ्या सांभाळायची. बाईंची मराठी सगळी गयाबाईच्या अंगणात शिकलेली. इंग्लंडात वडिलांचं घर होतं, ते भाड्याने दिलेलं. थोडे शेअर्स होते. त्यावर त्यांचं भागायचं.

आता माझ्याबद्दल. मी कर सल्लागार. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुलकर्णीपण, त्यामुळे कागद म्हणजे आपला घरचा माणूस असा माझा समज. ऑफिस जिन्याखाली होतं आणि पाटी ऑफिसपेक्षा मोठी होती. तुम्हीही असे सल्लागार पाहिले असतील, प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळे होणारे. मी त्यांच्यातला अग्रगण्य.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी ताडकन उठलो, कॉलर नीट केली आणि शाळेपासून साठवलेलं सगळं इंग्रजी एका दमात बाहेर काढलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पंखा लाव की रं जरा," त्या म्हणाल्या, "लई उकडतंय."

मग मी त्यांचा आयकराचा फॉर्म भरायला घेतला. त्यात सुरुवातीलाच विचारलेलं असतं की करदाता निवासी आहे की अनिवासी. अनिवासी म्हणजे वर्षातला बराचसा काळ देशाबाहेर राहणारा. मी मान वर करून बाईंकडे पाहिलं. निळे डोळे, गोरा रंग, डोक्यावर गवती टोपी. आणि 'अनिवासी' वर खूण केली. त्या तीस वर्षं इथं राहत होत्या, आणि मी विचारलंसुद्धा नाही. सबंध औरंगाबादेत हा प्रश्न ज्या बाईने स्वतःहून हजार वेळा लोकांना घातला असेल, तिलाच तो विचारायचं मला सुचलं नाही.

नियम तसा साधा आहे. जो इथं राहतो त्याने जगभरातल्या उत्पन्नावर इथं कर द्यायचा. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते. वर शिक्षण आणि आरोग्यासाठी थोडा उपकर लागतो. अनिवासी माणसाला मात्र फक्त इथल्या कमाईवर कर. त्यामुळे माझ्या एका खुणेने बाईंचं इंग्लंडातलं भाडं आणि शेअर्सचा लाभांश हिशेबातून बाहेर गेला. बाईंचे पैसे वाचवले म्हणून मी त्या दिवशी स्वतःला बासुंदी खिलवली.

पण बाईंना चैन नव्हतं.

"माझी बहीन फ्रान्सात ऱ्हाती," त्या दुसऱ्या वर्षी म्हणाल्या. "तिनं तितलं एक घर भाड्यानं दिलंय. त्या भाड्यावर, ब्याजावर सरकार कर घेतं, आन् वरून दवाखान्याचा, म्हाताऱ्या मानसांचा असा आनखी एक आकार घेतं. ती कावती लई, पर भरती. मंग माझ्याकडनं कामून घेत नाय कुनी?"

"मॅडम, ते फ्रान्स," मी म्हणालो. "इथले नियम मला पाठ आहेत."

"आरं, पर मी इथल्या दवाखान्यात जाते. इथल्या टँकरचं पानी पिते. माझ्या भाड्यातलं इथल्या शाळंला नको का जायला?"

मी हसलो. जास्त कर मागून घेणारी अशील, हा किस्सा मी पुढे कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितला. लोक हसायचे आणि मला हुशार समजायचे. त्यातली अडाणी बाजू कोणती, हे पंगतीत कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. पडेगावच्या बाजूला शहर भराभरा वाढत होतं, नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही आलं तर. मी सही घ्यायला गेलो तेव्हा बाई गयाबाईबरोबर टँकरच्या रांगेत उभ्या होत्या, पदर खोचून.

"कॉलर सोड आन् हंडा धर," त्या म्हणाल्या.

मी धरला. पॉलिश केलेल्या बुटांनी चिखलात चार पावलं टाकली आणि पाचव्याला बसलो. अर्धा हंडा सांडला. रांगेतल्या बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी जन्मात विसरणार नाही. बाई मात्र म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, शिकंल." त्यांनी स्वतःच्या हंड्यातलं पाणी माझ्या हंड्यात ओतलं. नंतर मी त्यांच्या ओट्यावर ओल्या पँटने बसलो आणि फॉर्मवर पुन्हा 'अनिवासी' अशी खूण केली. त्यांनी विश्वासाने सही केली.

काही वर्षांनी नोटीस आली. तिकडच्या बँकेची माहिती इकडच्या कार्यालयात पोचली होती. परदेशातलं घर आणि उत्पन्न दडवलं म्हणून मोठा दंड का लावू नये, असं विचारलं होतं. उत्तरात दोनच गोष्टी लिहिता येत होत्या. सल्लागार चुकला, किंवा करदात्याने सांगितलं नाही.

माझा जम तेव्हा कुठे बसत होता. कंपन्यांची कामं येऊ लागली होती. मी दुसरी गोष्ट टाइप केली.

बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. माझ्यासमोर त्यांनी इतक्या लक्ष देऊन इंग्रजी वाचलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. मग विचारलं, "हे खरं हाय का?"

मी अंगणातल्या शेळ्या बघत राहिलो.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "तुला अजून लई दिवस काढायचेत इथं," त्या म्हणाल्या आणि सही केली. "तिकडचं घर इकते. भरून टाकू."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच तसंच वाटलं होतं. येताना मी रस्त्यावर उसाचा रस प्यायलो.

व्हिसाचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंनी ब्रिटिश पासपोर्ट सोडला नव्हता, त्यामुळे दर काही वर्षांनी त्यांना इथं राहायची परवानगी वाढवून घ्यावी लागे. एरवी ते काम चहा पिता पिता व्हायचं. आता त्यांच्या फायलीत उत्पन्न दडवल्याचा आदेश लागला होता, आणि त्यांनीच तो सहीने कबूल केलेला. परवानगी अडकली. घर विकायला त्या इंग्लंडला गेल्या. "उन्हाळ्याच्या आत येते," म्हणून किल्ली गयाबाईकडे देऊन गेल्या. दंडाचे पैसे आले, शेवटच्या रुपयापर्यंत भरले गेले. बाईंना यायची परवानगी काही आली नाही.

मी पत्रं पुष्कळ लिहिली. त्यांचं वय लिहिलं, इथं काढलेली सगळी वर्षं लिहिली, नवऱ्याचं नाव लिहिलं. ज्या एका पत्राने काम झालं असतं तेवढं लिहिलं नाही. उद्या लिहू, या कंपनीचं काम हातावेगळं झालं की लिहू, असं करत दोन वर्षं गेली.

मग फ्रान्सहून त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. बाई इंग्लंडात एका भाड्याच्या खोलीत, थंडीत, न्यूमोनियाने गेल्या होत्या.

मी पडेगावला गेलो. गयाबाई बाईंच्या अंगणात झाडत होती. दोन वर्षं ती रोज झाडत होती. मी सांगितलं. तिने खराटा बाजूला ठेवला आणि ओट्यावर बसली.

"गयाबाई," मी शेवटी म्हणालो, "चूक माझी होती. बाईंनी काही दडवलं नव्हतं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "बाईनं जाताना सांगितलं व्हतं. म्हनली, त्याला काई इचारू नको, त्यो आपनहून सांगंल. ज्या दिशी सांगंल त्या दिशी मला कळव."

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता कुठं कळवू, साहेब?"