मुख्य अतिथींच्या खुर्चीखालचं मैदान

आमच्या हायस्कूलच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना दुपारी होता. त्याआधी शाळेच्या खेळांना आधार देणाऱ्यांचा 'थोडक्यात' सत्कार. धाकटी बहीण पहिल्यांदाच फायनल खेळणार म्हणून मी गेले, तर हेडमास्तरांनी माझ्या हातात शाली-नारळांचं ताट दिलं. इंग्लिश मीडियमची मुलगी शिस्तीत उभी राहील, असा त्यांचा समज. मलाही बरंच वाटलं. हातात ताट असलं की कुणी बोलायला लावत नाही.

सावली फक्त कडुलिंबाखाली, म्हणजे खो-खोच्या आखलेल्या मैदानावरच. खुर्च्या थेट चुन्याच्या रेघांवर मांडल्या होत्या आणि मुख्य अतिथी खो-खोच्या खांबाला पाठ टेकून बसले होते. दोन्ही संघांच्या पोरी कडेला ताटकळत होत्या. त्यांना घरी जायला तामसीकडे जाणारी शेवटची बस गाठायची होती. तोवर सामना झाला नाही तर निकाल नाणेफेकीवर, असं ठरलं होतं.

आमचा भाग दोन भाषांच्या सीमेवरचा, म्हणून प्रत्येक नाव आधी मराठीत, मग तेलुगूत पुकारलं जाई. एकाने चुना दिला होता. एकाने पाण्याचा टँकर पाठवला होता, तो पोचला नव्हता तरी. एका व्यापाऱ्याचा सत्कार यासाठी, की यंदा त्याने मैदानावर कापसाच्या गाड्या उभ्या केल्या नाहीत. शाल पडली की प्रत्येकजण बोले, आणि खेळाडूंनी वेळेचं महत्त्व जाणावं असं सांगे. बहीण एकदा माझ्याकडे बघे, एकदा रस्त्याकडे.

शेवटचं नाव पीईटी सरांचं, म्हणजे खेळाच्या सरांचं, रोज सकाळी पोरींना मैदानावर पळवणाऱ्यांचं. ते जागेवर नव्हते. थोडी कुजबुज झाली. मग हेडमास्तरांनी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर शाल पांघरली, नारळ ठेवला आणि फोटो काढून घेतला. टाळ्या भरपूर पडल्या. खुर्ची भाषण करणार नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी बस येऊन थांबली. पायरीवर पीईटी सर. स्टँडवर जाऊन गाडी त्यांनीच शाळेकडे वळवून आणली होती. मागून कंडक्टर उतरला, तशी हेडमास्तरांनी मला शालीची खूण केली.

"शाल राहू द्या, सर," कंडक्टर म्हणाला. "पोरींचा खेळ होऊ द्या, तवर गाडी उभी ठेवतो. पण तुमी उठा ना बापा आदी."

कुणी उठेना. मुख्य अतिथींच्या आधी उठायचं नसतं, आणि मुख्य अतिथी आभारप्रदर्शनाची वाट बघत होते. कंडक्टरने खिशातली शिट्टी काढली आणि गाडी सोडताना वाजवतात तशी वाजवली.

पोरी दुपारपासून शिट्टीचीच वाट बघत होत्या. त्या सुटल्या. बहीण खुर्च्यांमधून वाट काढत खांबाशी पोचली, तेव्हा मुख्य अतिथी नारळ छातीशी धरून उठले. मग सगळेच उठले. खुर्च्या निघाल्या, सामना झाला, बसमधली माणसं खिडक्यांतून ओरडत राहिली. बहिणीचा संघ एका गुणाने हरला.

"खुर्चीच्या पायानं खड्डा पडला होता, ताई. तिथंच माहा पाय मुडपला," ती बसमध्ये म्हणाली. "नाईतर पोट्टी सापडलीच होती."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. पुढे शालींची रांग, मान्यवर उठताना. मागे कोपऱ्यात, अस्पष्ट, बहिणीचा धावताना उचललेला गुडघा. तिने बाकी सगळे कापून टाकले आणि तेवढा गुडघा डीपीला लावला.