निळ्या दोऱ्याची रोपं

टाकेमावशी रोपांना पाटी कधी लावत नसे. शिवणकाम करणाऱ्या बाईला दोऱ्यांचा काय तोटा? थंडी ओसरून ऊन जरा उबदार झालं, की मशीनशेजारच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांची रांग लागे. प्रत्येक डब्यात एक काडी आणि काडीला दोरा. टोमॅटोला लाल, पुदिन्याला हिरवा, पालकाला निळा आणि धोत्र्याच्या जातीच्या त्या एका झाडाला काळा. त्याला पांढऱ्या कर्ण्यांसारखी फुलं येत. सुनेला ती दर वर्षी कुंपणाशी हवी असत, पण पान पोटात गेलं तर धडधाकट माणूस भ्रमिष्ट व्हायचा. "काळा दोरा, हात धुवा," एवढंच मावशी बजावी. गल्लीतल्या निम्म्या परसबागा तिच्या डब्यांतून उगवल्या होत्या आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मुलगा आधीच मशीन विकायच्या गोष्टी करी. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: मशीन बंद म्हणजे मी बंद. धुक्याचा दोष तिने दिव्याच्या माथी मारला आणि दिवा बदलला.

त्या संध्याकाळी बसचा ड्रायव्हर पँट घेऊन परत आला. चांगला माणूस, रागावला नाही. पायाची घडी उलटून त्याने तिच्यासमोर धरली.

"मावशी, निळ्या पँटला काळा दोरा? लोक रस्ता सोडून माझ्या पायांकडे बघतील की."

मावशी हसली. उद्या उसवून देते म्हणाली. तो गेल्यावर तिने दोन रिळं खिडकीशी नेली, जवळ धरली, लांब धरली. दोन्ही सारखीच दिसली.

मग तिला सुनेचा फोन आठवला. रोपं लावली त्या दिवशी सून म्हणाली होती, यंदा फुलांची रोपं द्यायची राहिली वाटतं. आणि मावशीने तोऱ्यात सांगितलं होतं, डोळे उघडून बघ, काळ्या दोऱ्याची असतील. आज दुपारी पुन्हा फोन आला होता. पालक हाताएवढा झालाय, रात्री छोटीच्या भातात घालते.

मावशीने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला थांबली नाही. दाराला कडी न घालताच निघाली.

मुलाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. सांधेदुखीचं निमित्त सांगून ती एरवी जायला टाळाटाळ करी, आज चपलेचा पट्टा तुटला तरी थांबली नाही. पण चालताना डोकं स्वस्थ नव्हतं. खरं सांगितलं तर मशीन गेलं. पानांना कीड लागलीय म्हटलं तर? काम होईल आणि झाकली मूठ झाकलेली राहील.

स्वयंपाकघरात कुकरची वाफ होती. नात खुर्चीवर बसून चमचा ताटलीवर आपटत होती. ताटलीत भात, भातात हिरवं. सून फुंकर घालत होती.

"खाऊ घालू नकोस. पानांना कीड आहे," मावशी धापा टाकत म्हणाली.

"अहो आई, बसा तरी. तीन पाण्यांनी धुतलीत. एकही छिद्र नाही पानाला." सुनेने घास उचलला.

मावशीने तिचं मनगट धरलं. घास जमिनीवर पडला. नात भोकाड पसरून रडू लागली.

"कीड नाही गं. मला निळा आणि काळा ओळखू येत नाही. दोरे मी बांधलेत."

सुनेने मुलीचं तोंड बोटाने चाचपलं, जीभ पाहिली. हिरवा कणही नव्हता. काही खाल्लंस का, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. छोटीला भूक लागली होती आणि तिला एवढंच म्हणायचं होतं.

दोघी मागच्या वाफ्याकडे गेल्या. सुनेने खाली वाकून काड्या पाहिल्या. सगळ्यांना निळाच दोरा होता. मावशीने पहिलं खुडलेलं देठ चुरगाळून हुंगलं. ओल्या गवताचा वास आला. दुसरं, तेच. तिसऱ्याला तो उग्र, कुजका वास आला. तिने हात सुनेच्या नाकाशी नेला. सून तोंड फिरवून कुंपणाला टेकली.

मावशीने एकेक रोप हुंगत बसण्यात अर्थ नव्हता. तिने सगळा वाफा उपटला, मुळांसकट, पालकसुद्धा. भात सुनेने खड्ड्यात ओतला.

"यांना मी सांगते. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे," सून म्हणाली. मग तिनेच पुढे जोडलं, "तोवर मशीन बंद, आई."

मावशीने मान हलवली. हात साबणाने चोळून धुतले, दोनदा.

घरी आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि ड्रायव्हरची पँट मशीनवर तशीच पडली होती. ती दिवा न लावता बसली. बोटांनी टाका शोधला, पाती घातली आणि काळा दोरा ओढून काढू लागली. उसवायला रंग दिसावा लागत नाही. दोन्ही पाय उसवून झाल्यावर तिने पँटची घडी घातली, उद्या ती दुसऱ्या शिंप्याकडे पोचवायची होती, आणि मशीनवर कापड घातलं.