मोरचुदात तांबे सापडेना

परीक्षानळीत अमोनिया ओतला, आणि अपेक्षित गडद निळा रंग आलाच नाही. तळाशी मळकट हिरवा साका बसला. निळा रंग तांब्याची खूण, तसा साका लोखंडाची.

सातपूरच्या ज्या खासगी लॅबमध्ये मी केमिस्ट आहे, तेथे हे द्रावण सटाण्याकडचे डाळिंब बागायतदार नामदेवआप्पा बाटलीत भरून घेऊन आले होते. तेल्या रोगावरील फवारणीसाठी त्यांनी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, पाण्यात भिजवला होता. फवारणी वाया गेली. दुकानदार सुरेशशेठ यांनी स्वस्त हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, निळा रंग देऊन विकला, अशी आप्पांची लेखी तक्रार होती. ती सिद्ध झाल्यास शेठचा परवाना जाणार होता.

मॅनेजर म्हणाले, "रिझल्ट क्लिअर आहे. कॉपर नाही, आयर्न आहे. सही करा."

"सही करीन; परंतु 'बाटलीतील द्रवात' एवढेच लिहीन. सील नसलेल्या नमुन्यावरून दुकानातील मालाला दोषी ठरवणे हा शुद्ध बेकायदेशीरपणा आहे. हे मी आपणांस पत्रानेही कळवतो."

"पत्र नको हो. काय पाहिजे ते बोला."

मला आप्पांकडची त्याच खरेदीतील न उघडलेली गोणी हवी होती. ती आली, तिच्यामागोमाग शेठही आले.

"शेठ, तोंड का उतरलं?" आप्पांनी विचारले.

"तुमचीच कृपा."

दोघांसमक्ष गोणी फोडून तोच प्रयोग केला. द्रावण गडद निळे झाले. लोखंडाचा मागमूस नव्हता.

"मग माझ्या पाण्यात लोखंड आलं कुठून?"

"मोरचूद भिजवला कशात?"

"पिंपात. प्लास्टिकचं फुटलं, म्हणून दुसरं घेतलं. ते पिंप लोखंडनं शे."

"लोखंडाचे? आतून तांबूस झाले आहे?"

"झालंय. मी म्हटलं, गंज असंल."

तो गंज नव्हता, तांबे होते. लोखंड हा तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील धातू. तो स्वतः द्रावणात उतरतो आणि तांब्याला बाहेर काढतो. शेजारच्या वर्कशॉपमधून लोखंडाचा चुरा आणवून मी मोरचुदाच्या पाण्यात टाकला. चहा होईपर्यंत चुरा तांबूस झाला आणि पाणी फिकट हिरवे.

"म्हणजे तांबं पिंपानं खाल्लं," आप्पा म्हणाले.

"आणि नाव माझं झालं," शेठ म्हणाले.

"आपण विकताना भांड्याविषयी बजावले होते काय?" मी शेठना विचारले.

"बागायतदारांना ठाऊक असतंच की."

"ते गृहीत धरून माल विकणे ही हयगय आहे."

आप्पांनी तिथेच तक्रार मागे घेतली. नव्या प्लास्टिकच्या पिंपातून पुन्हा फवारणी झाली. काळी पडलेली फळे मात्र उतरवून पुरावी लागली. परवाना राहिला. शेठ आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी पिंप कशाचे ते विचारतात आणि काही गिऱ्हाइके त्यांच्यावर चिडतात. चिडू द्यावे. मालाची तपासणी लॅबमध्ये होते; तो कशात कालवला, ही तपासणी विचारल्याशिवाय होत नाही.